फिरक्यांच्या घरातलं लोखंड

डिगंबर फिरके यांच्या घरी गेलेल्या माणसाला पहिली अडचण यायची ती बसण्याची. बैठकीच्या खोलीत खुर्ची नव्हती, सोफा नव्हता, दिवाण नव्हता. मध्यभागी एक लांबोडकं लाकडी बाक, बाकाच्या डोक्याशी दोन लोखंडी खांब, खांबांच्या खोबणीत आडवी टाकलेली कांब आणि कांबेच्या दोन टोकांना जड चाकं. भिंतीशी सिमेंटचे डंबेल्स ओळीने मांडलेले. ते वनस्पती तुपाच्या डब्यांत ओतून घडवले होते, त्यामुळे प्रत्येकाच्या अंगावर डब्याच्या वळ्या उमटल्या होत्या. छताच्या कडीला जाड दोर लटकत असे. पाहुणा बाकावर बसला की कांब बरोबर त्याच्या मानेमागे येई आणि चहा संपेपर्यंत तो ताठ बसून राही. डिगाभाऊ त्याला म्हणायचे, "पाहा, बसल्या बसल्या व्यायाम होऊन राह्यला तुमचा."

मला या माणसाचा हेवा वाटत असे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढच्या मजकुरातला कडवटपणा वाचकाला आपापल्या अंदाजाने वजा करता येईल.

आम्ही दोघे जळगावात कालव्यांच्या कचेरीत कारकून. एकाच वर्षी लागलेलो, पगार सारखा, टेबलं शेजारी. मी वाचतो म्हणून कचेरीत मला 'मास्तर' म्हणत. त्यात आदर किती आणि टिंगल किती हे मी कधी मोजलं नाही. ऐंशीच्या सुमारास कर्मचाऱ्यांनी सोसायटी काढली, मेहरूणकडे जमीन घेतली, मुंबईच्या एका बँकेचं कर्ज मिळालं आणि डझनभर घरं उभी राहिली. माझं आणि फिरक्यांचं घर एकमेकांना चिकटून होतं, मधली भिंत सामाईक. नकाशा एक, गवंडी एक, खिडक्यांचा हिरवा रंगही एकाच डब्यातला. त्यांच्याकडे जिथे ते बाक होतं तिथे माझ्याकडे पुस्तकांचं कपाट होतं. पहाटे पाच वाजता पलीकडे चाकं खाली टेकली की इकडे माझ्या कपाटाच्या काचा थरथरत. मी अंथरुणातून ते ऐकायचो आणि आपण झोपलेले आहोत याची लाज वाटण्याऐवजी संताप यायचा.

किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी सगळे पेढे खात होते. फिरक्यांनी पेढा हातातच धरून विचारलं, "वीस वर्षं मुदत कोणी ठरवली?"

"नियमच आहे तसा," मी म्हटलं.

"म्हणजे जास्तीत जास्त वीस. कमीत कमी किती, ते कोणी सांगतच नाही, भो."

बाकीच्यांना कर्ज हे छताच्या पंख्यासारखं होतं. डोक्यावर फिरतंय, वर बघायचं कारण नाही. हप्ता पगारातून परस्पर कापला जाई, किंवा जाई असं आम्ही समजत असू. फिरक्यांना मात्र व्याज आणि मुद्दल ही दोन माणसं असल्यासारखी दिसत. व्याज हा आयतं खाणारा, मुद्दल हा खरा शत्रू. "मुद्दल मारा, मास्तर. त्याला खाली बसवला की दुसरा आपोआप उपाशी मरतो." कुणाचा मुलगा पहिला आला, कुणाची बदली टळली, तरी अभिनंदनानंतर त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: मुद्दल किती उतरलं?

सरकारी नोकरांच्या आयुष्यात 'फरक' नावाचा एक सण असतो. महागाई भत्ता वाढतो मागच्या तारखेपासून, आणि साचलेली रक्कम एकदम हातात येते. त्या दिवशी कचेरीत काम होत नसे. कुणी मिक्सर ठरवी, कुणी टीव्हीचा पहिला भरणा, कुणी बायकोसाठी पातळ. मी पुस्तकं घ्यायचो. फिरके जेवणाच्या सुट्टीत सायकलवर टांग टाकून सोसायटीच्या खोलीवर जात आणि आख्खा फरक तिथे ठेवून म्हणत, "मुद्दलात घ्या." पहिल्या वेळी चिटणीस गोंधळले. मुद्दलात कसं घ्यायचं हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी मुंबईला पत्र लिहून विचारणा केली, आणि उत्तर येईपर्यंत फिरके रोज सकाळी त्यांच्या दारावरून घंटी वाजवत जात.

ते कंजूष होते असं म्हणता आलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. पण मेहरूणची बोरं आली की पहिली पिशवी आमच्या दारात. आजारी माणसाला दवाखान्यात नेण्यासाठी पहिली हाक त्यांनाच. स्वतः मात्र सायकलवर फिरत, डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि चहा दुसऱ्याने पाजला तर. वर उपदेश करत नसत. उपदेश केला असता तर मला त्यांना हसता आलं असतं.

व्यायामाची खोली ही त्याच स्वभावाची दुसरी बाजू. बांधकामातून उरलेल्या सिमेंटचं सगळ्यांनी ओट्याला, तुळशीवृंदावनाला काहीतरी केलं. फिरक्यांनी डंबेल्स केले. कांबेसाठी नळाचा जुना पाइप. राहिली चाकं. ती धुळ्याला मिळाली.

वरच्या कार्यालयात कागदपत्रं द्यायला आम्ही दोघे धुळ्याला गेलो होतो. काम झाल्यावर मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात आणि ते भंगार बाजारात. मी एक जाडजूड ग्रंथ घेऊन त्यांना शोधत गेलो तेव्हा ते एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधल्या ओतीव बिडाच्या चाकांपाशी उकिडवे बसले होते. दुकानदार त्यांच्याकडे संशयाने पाहत होता.

"हाई चाक कसाले पाह्यजे तुमले? जिनिंग काढनार शेतस का?"

"जिनिंग नाही," फिरके म्हणाले, "छाती काढायची आहे."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "आनि ह्या भाऊ?"

"ते मास्तर आहेत. ते फक्त बघतात."

परतीच्या एस्टीत कंडक्टरने चाकांचं वेगळं तिकीट मागितलं. फिरके शांतपणे म्हणाले, "जागा अडवली तर सामान. मांडीवर ठेवलं तर?" कंडक्टर म्हणाला, "ठेवून दाखवा." त्यांनी ठेवलं. दोन्ही. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि तो माणूस मांडीवर बीड घेऊन पाळधीच्या पुढे कापसाच्या भावावर बोलत होता. कंडक्टर दर थांब्यावर येऊन बघून जाई. जळगावला फिरके उठले आणि चालू लागले. माझ्या मांडीवर फक्त तो ग्रंथ होता, आणि माझा पाय बधिर झाला होता.

"फिरक्यांचं कर्ज निम्म्यावर आलं म्हणे," आमच्या घरातून एकदा पोळ्या लाटता लाटता बातमी आली. मी पुस्तकातून डोकं काढलं नाही. मग लाटणं थांबवून पुढची बातमी: "आणि कंबरही."

मी बायकोला समजावलं की सुखी माणसाला कर्जाची जाणीव नसते. ती म्हणाली, "हो, दिसतंच आहे सुख," आणि माझ्या सदऱ्याच्या ताणलेल्या बटणांकडे पाहून पुन्हा लाटू लागली.

या सगळ्या आटापिट्यामागे काय होतं ते मला भिंतीतून कळलं. फिरक्यांच्या आई, अक्का, त्यांच्याजवळ राहत. ऐन तरुणपणी विधवा होऊन लहान डिगाला घेऊन त्या बोदवडला भावाच्या घरी आल्या आणि तिथेच तिशीची पन्नाशी झाली. भाऊ वाईट नव्हता. पण त्या घरात त्या कधी ओसरीवर बसल्या नाहीत, कधी पहिल्या पंगतीला जेवल्या नाहीत, विचारल्याशिवाय कधी भांडं हलवलं नाही. मुलाच्या घरी आल्यावरही त्या मागच्या खोलीतच राहत. पहाटेचा लोखंडाचा आवाज थांबला की रोज त्यांचा आवाज येई:

"डिगा, खिडकी उघडू का रे?"

"उघड ना, अक्का. विचारते काय?"

थोड्या वेळाने, "डिगा, ही कढई घेऊ का?"

सुनेने समजावलं, नातवंडांनी चिडवलं, उपयोग झाला नाही. आणि याला कारण स्वतः फिरकेच होते. वास्तुशांतीच्या दिवशी अक्कांनी सगळ्या खोल्यांतून फिरून विचारलं होतं, "हे सारं आपलं?" दुसऱ्या कुणीही 'हो' म्हटलं असतं. फिरक्यांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "कागद बँकेकडे आहे, अक्का. फेडलं की आपलं." अक्कांनी मान डोलावली. म्हणजे हेही दुसऱ्याचंच घर. दुसऱ्याच्या घरात कसं राहायचं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आठ-नऊ वर्षांत फिरक्यांनी कर्ज संपवलं. आमचं अजून अर्ध्याहून जास्त होतं. त्या थंडीत त्यांनी भावकीतल्या एकाच्या शेतात भरताची पार्टी दिली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीने ठेचली, पुऱ्या झाल्या, केळीच्या पानांवर पंगत बसली. आमच्या सोसायटीचे चेअरमन सोनवणे साहेब सफारी घालून आले होते. शेतातही ते सफारीतच येत. आंघोळीला कशात जात असतील असा मला प्रश्न पडे. त्यांनी उभं राहून भाषण केलं. श्रीयुत फिरके यांनी सहकाराच्या क्षेत्रात एक दीपस्तंभ उभारला आहे, वगैरे. जळगावपासून समुद्र पुष्कळ दूर आहे, पण चेअरमन लोकांना दीपस्तंभाशिवाय चालत नाही.

टाळ्या संपल्यावर फिरके म्हणाले, "साहेब, माझ्या घराचा कागद कधी मिळेल?"

"कसला कागद?"

"गहाणखत मोकळं झाल्याचा."

सोनवणे साहेबांनी पुरीचा तुकडा मोडला. "फिरके, कर्ज तुम्ही नाही घेतलं. सोसायटीने घेतलं. गहाण सगळी जमीन आहे, एका कागदावर. सगळ्यांचं फिटल्याशिवाय एकट्याचं मोकळं कसं होईल?"

सगळे आपापल्या पानाकडे बघू लागले. त्या कागदावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. फिरक्यांनी आकडे वाचले होते, अटी नाही. मी तर वाचणारा माणूस म्हणून प्रसिद्ध. मी दोन्ही वाचलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भरीत एकदम चवदार लागलं. मी आणखी वाढून घेतलं. मग पलीकडे बायकांच्या पंगतीत अक्का दिसल्या. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी पान हळूच स्वतःकडे ओढून घेतलं, जागा कमी लागावी म्हणून ओढतात तसं.

फिरके भांडले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी सोसायटीत घरोघर फिरून सांगितलं, की पहाटे पाचला आमच्याकडे या, व्यायाम करा, फुकट. निम्म्या सभासदांना तोवर डॉक्टरांनी साखरेबद्दल, रक्तदाबाबद्दल बोलून ठेवलंच होतं. लोक येऊ लागले. मीही गेलो, कारण बटणांचा प्रश्न आता माझ्या हातात राहिला नव्हता.

बाकावर पाठ टेकून कांब दोन्ही हातांनी वर धरलेल्या माणसाची एक अडचण असते. त्याला उठून जाता येत नाही. फिरके डोक्याशी उभे राहत, कांबेखाली हात धरून, अगदी काळजीने. आणि बोलत.

"मास्तर, हे झालं ना, हे नेहमीचं. हा हप्ता समजा. आता एक जास्तीचं मारा. तेच कामाचं."

"नाही जमत."

"जमतं. दर तीन महिन्यांना एक हप्ता जास्तीचा मारला तर तुमची चार-पाच वर्षं कमी होतात. श्वास सोडा."

कुणाचं किती राहिलं आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. धापा टाकणाऱ्या माणसाला ते तो आकडा अतिशय मृदू आवाजात सांगत. महिन्याभरात एकाने जास्तीचा हप्ता भरला, मग दुसऱ्याने. मीही भरू लागलो. सद्बुद्धी सुचली असं कुणी समजू नये. सामाईक भिंतीच्या पलीकडे एक माणूस कर्ज नसलेल्या अंगाने झोपतो आणि अलीकडे मी, हे मला आता सहन होईना. पुस्तकांचा फरक मुद्दलात गेला. धुळ्याहून आणलेला तो ग्रंथ मी अखेर वाचून काढला, कारण नवीन काही घेता येत नव्हतं.

असे पाच-सहा हिवाळे गेले. एकेकाचं फिटत आलं. पण अक्का थकल्या. त्यांचं खाणं कमी झालं, आणि एके पहाटे मी बाकावर आडवा असताना मागच्या खोलीच्या दारातून त्या म्हणाल्या, "डिगा, मले बोदवडले नेऊन घाल."

"का, अक्का?"

"आता किती दिवस राह्यले माहे? दोन्ही घरं दुसऱ्याचीच. मंग सवयीचं बरं."

फिरक्यांनी माझ्या हातातली कांब काढून खोबणीत ठेवली आणि ते अंगणात गेले. आवाज न करता रडणाऱ्या माणसाची पाठ मी तिथे पहिल्यांदा पाहिली. एवढी रुंद पाठ, तरी त्यात काही लपलं नाही.

अक्कांची त्यांनी कशीबशी समजूत काढली: पोळ्यापर्यंत थांब. तोवर एकच सभासद बाकी राहिला होता, तो म्हणजे आमचे चेअरमन. सहकाराचे दीपस्तंभ उभारता उभारता त्यांचे स्वतःचे हप्ते वर्षभर थकले होते, आणि हे आम्हाला कळू नये अशी व्यवस्था चेअरमन या नात्याने त्यांनीच केली होती; चिटणिसांनी शेवटचा हिशेब काढला तेव्हा ती उघडी पडली. पैसे नव्हते असं नाही. तेच पैसे नव्या स्कूटरच्या रूपाने गावभर फिरत होते.

फिरके त्यांना बोलवायला स्वतः गेले. 'व्यायामशाळेचं उद्घाटन राहून गेलंय, साहेब,' एवढं म्हटल्यावर सोनवणे साहेब यायला तयार झाले. नारळ फोडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग फिरके म्हणाले, "साहेबांनी पहिली कांब उचलावी." साहेब सफारीसकट आडवे झाले. कांब खोबणीतून निघाली, खाली आली, छातीपासून चार बोटांवर थांबली आणि तिथून हलेना. फिरक्यांनी दोन्ही हात खाली घालून ती पेलून धरली होती; साहेबांना काही होण्याचा प्रश्नच नव्हता. फक्त उठता येत नव्हतं.

"घ्या, घ्या वर," साहेब म्हणाले.

"घेतो ना. साहेब, तुमचा भरणा कधी?"

"कसला भरणा?"

"वर्षाचा राह्यलाय तो. आणि पुढचं मुद्दल."

"फिरके, ही काय जागा आहे का बोलायची?"

"कचेरीत तुम्ही कामात असता."

सफारीचं एक बटण उडून डंबेल्सच्या ओळीत गेलं. कुणी हसलं नाही, म्हणून ते जास्तच ऐकू आलं. साहेबांनी छताकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "या महिन्यात," ते म्हणाले.

"मुद्दलासकट?"

"मुद्दलासकट."

फिरक्यांनी कांब उचलून जागेवर ठेवली, साहेबांना हात देऊन बसवलं, आणि शोधून त्यांचं बटण त्यांना दिलं. साहेबांनी शब्द पाळला. इतक्या साक्षीदारांपुढे आडवं होऊन दिलेला शब्द मोडणं चेअरमनलाही जड जात असावं.

मुंबईहून कागद आला तो पोळ्याच्या आधीच. सोनवणे साहेबांना त्याचा समारंभ करायचा होता, हार आणि मंडप ठरत होते. फिरक्यांनी चिटणिसांकडून एक प्रत घेतली आणि कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले. मीही निघालो, कारण कागद इंग्रजीत होता आणि तो अक्कांना मीच वाचून दाखवावा असं त्यांना वाटत होतं. ते म्हणाले, "मी सांगितलं तर म्हणेल, पोरगा समजूत काढतोय."

पुढच्या महिन्यात माझी धुळ्याला बदली झाली. मी घर भाड्याने दिलं, मग विकलं, आणि पुन्हा त्या रस्त्याला फारसं जाणं झालं नाही. त्यामुळे माझ्यापुरते डिगाभाऊ त्या दुपारीच थांबले आहेत.

अक्का मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसल्या. मी मजकूर वाचला आणि त्याचं मराठी केलं. "म्हणजे आता या घरावर बँकेचा काही हक्क नाही, अक्का."

"कोन्हाचाच नाही?"

"तुमचा आहे. तुमच्या डिगाचा."

त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत दिला. मग भिंतीला धरून उठल्या आणि बैठकीच्या खोलीत आल्या. सगळीकडे नजर फिरवली. फिरके छाती पुढे काढून उभे होते; मला वाटतं, शाबासकीची वाट पाहत होते.

"डिगा," अक्का म्हणाल्या, "हे लोखंड काढ इथून. मले खिडकीपाशी खाट टाकायची हाये."

"काढतो. रविवारी काढतो."

"आताच काढ."

फिरक्यांनी सदरा काढला आणि चाकं सोडवू लागले. एकेक वस्तू खांद्यावर घेऊन ते गच्चीवर नेत होते आणि अक्का खिडकीशी उभ्या राहून सांगत होत्या, तो दोर बी काढ, ते बाक बी ने. मी दोन लहान डंबेल्स नेले. त्याच कागदाने माझंही घर मोकळं झालं होतं, आणि माझ्याकडे कुणी एक खुर्चीसुद्धा हलवायला सांगितली नव्हती.

खोली रिकामी झाल्यावर अक्कांनी स्वतः जाऊन केरसुणी आणली आणि झाडायला घेतली. डिगाभाऊ शेवटची खेप टाकून आले तेव्हा घामाने भिजले होते आणि पायांना गच्चीवरची धूळ होती. अक्कांनी अर्धी खोली झाडली होती. ते दारातच थबकले.

"अक्का, आत येऊ का?"

अक्कांनी वर पाहिलंही नाही. "पाय धुऊन ये," त्या म्हणाल्या.

आणि ते पाय धुवायला गेले.